गृहसुरक्षा कॅमेरा

गृहसुरक्षा कॅमेरा म्हणजे राहत्या घराच्या आत, दारावर किंवा आवारात बसवलेला आणि तेथील हालचालींचे चित्रण घरातील व्यक्तींना पाहता येईल अशा रीतीने जोडलेला कॅमेरा. बँका, दुकाने व रस्ते यांवरील सीसीटीव्ही यंत्रणेतून तो विकसित झाला. आजचा घरगुती कॅमेरा मात्र बहुधा वायफायद्वारे इंटरनेटशी जोडलेला असतो आणि त्याचे चित्रण मोबाइलवर कोठूनही पाहता येते. ‘सीसीटीव्ही’ या संक्षेपाचा मूळ अर्थ बंद मंडलातील दूरचित्रवाणी असा आहे. इंटरनेटवर चालणाऱ्या कॅमेऱ्याचे मंडल बंद नसते, त्यामुळे बोलीत रूढ झालेले हे नाव त्याला काटेकोरपणे लागू पडत नाही. हा फरक केवळ शाब्दिक नाही. मंडल बंद होते तोवर चित्रण कोण पाहू शकतो याचे उत्तर तारेच्या दुसऱ्या टोकाशी मिळत असे. ते खुले झाल्यावर पाहणाऱ्यांच्या यादीत सेवा पुरवणारी कंपनी, तिचे कर्मचारी, पोलीस यंत्रणा आणि प्रसंगी अनोळखी घुसखोर यांची भर पडली. या कॅमेऱ्याविषयीची बहुतेक मतभिन्नता त्या यादीभोवतीच फिरते.

इतिहास

बंद मंडलातील दूरचित्रवाणीचा एक आरंभीचा वापर १९४२ मध्ये जर्मनीत पेनेम्युंडे येथे झाला. व्ही-२ अग्निबाणांचे उड्डाण सुरक्षित अंतरावरून पाहता यावे यासाठी अभियंता वॉल्टर ब्रुख यांनी ही यंत्रणा सिद्ध केली होती. घराच्या रक्षणासाठी कॅमेरा वापरण्याची कल्पना मात्र लष्करी प्रयोगशाळेतून आलेली नाही. न्यूयॉर्क शहरातील क्वीन्स विभागात जमैका या वस्तीत राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेची ती कल्पना होती. त्यांच्या कामाच्या वेळा अनियमित होत्या, घरी अनेकदा एकटे राहावे लागे आणि मदतीसाठी बोलावल्यावर पोलीस वेळेवर येतील याची खात्री नसे. पती आल्बर्ट ब्राउन यांच्यासह त्यांनी १ ऑगस्ट १९६६ रोजी एकस्वासाठी अर्ज केला आणि २ डिसेंबर १९६९ रोजी त्यांना अमेरिकेचे एकस्व क्रमांक ३४,८२,०३७ मिळाले.

त्यांच्या रचनेत दाराला वेगवेगळ्या उंचीवर चार छिद्रे होती. आतल्या बाजूस वर-खाली सरकणारा कॅमेरा त्यांपैकी हव्या त्या छिद्रातून बाहेर पाही आणि घरातील दूरचित्रवाणी संचावर चित्र दिसे. उंच माणूस आणि लहान मूल दोघेही दिसावेत, हा अनेक छिद्रांमागील हेतू. पाहुण्याशी बोलण्यासाठी ध्वनिक्षेपक, दुरूनच दार उघडण्याची सोय आणि धोक्याची सूचना पाठवणारे बटण हेही त्यात होते. आजच्या दारघंटा-कॅमेऱ्यातील जवळपास सर्व सोयी या आराखड्यात दिसतात. फरक आहे तो नजरेच्या दिशेत. ब्राउन यांच्या रचनेत पाहणारी व्यक्ती घरात आणि पाहिली जाणारी दाराबाहेर होती. आज अनेक घरांत पाहणारी व्यक्ती बाहेर, कधी परदेशात असते, आणि पाहिली जाणारी माणसे घरात असतात.

संगणक-जाळ्यातून थेट चित्र पाठवण्याचा सर्वांत प्रसिद्ध आरंभीचा प्रयोग १९९१ मध्ये केंब्रिज विद्यापीठात झाला. प्रयोगशाळेतील भांड्यात कॉफी उरली आहे की नाही हे जागेवरून उठण्याआधी कळावे, एवढ्याच मर्यादित उद्देशाने तेथे कॅमेरा लावला होता. १९९६ मध्ये स्वीडनच्या ॲक्सिस कम्युनिकेशन्सने संगणक-जाळ्याला थेट जोडता येणारा ‘नेटआय २००’ हा कॅमेरा बाजारात आणला. पुढची झेप स्मार्टफोनमुळे शक्य झाली. २०१४ मध्ये गूगलने नेस्ट ही कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षी नेस्टने ड्रॉपकॅम ही घरगुती कॅमेऱ्यांची कंपनी घेतली. दारघंटा-कॅमेरे बनवणारी रिंग ही कंपनी २०१८ मध्ये ॲमेझॉनकडे गेली. घराच्या दारातील यंत्र अशा रीतीने जगातील सर्वांत मोठ्या माहिती-व्यापारी कंपन्यांच्या सेवांशी जोडले गेले.

भारतात या कॅमेऱ्यांचा प्रसार २०१६ नंतर स्वस्त झालेल्या मोबाइल डेटाच्या जोडीने झाला. महाराष्ट्रात गृहनिर्माण संस्थांची प्रवेशद्वारे, बंगले आणि सदनिका यांपुरता तो मर्यादित राहिला नाही. सौरपट्टी व सिमकार्ड यांवर चालणारे कॅमेरे शेतातही दिसतात. कृषिपंप व केबलच्या चोऱ्या आणि काढणीला आलेल्या फळबागांची राखण ही त्यामागील कारणे. गोव्यात मालक परदेशी असल्याने वर्षातील बराच काळ बंद राहणाऱ्या घरांना या यंत्राची विशेष गरज भासते.

रचना व कार्य

भिंगातून आलेला प्रकाश संवेदकावर पडतो, त्याचे अंकीय चित्र होते आणि एच.२६४ किंवा एच.२६५ या पद्धतीने ते आकुंचित करून साठवले वा पाठवले जाते. दिवसा एक गाळणी अवरक्त प्रकाश अडवते, त्यामुळे रंग नैसर्गिक दिसतात. अंधार पडला की ही गाळणी बाजूला सरकते आणि कॅमेऱ्यावरील अवरक्त दिवे परिसर उजळतात. माणसाच्या डोळ्यांना हा प्रकाश जवळजवळ दिसत नाही. रात्रीचे चित्रण कृष्णधवल असण्याचे हेच कारण आहे. अवरक्त प्रकाशात काही गडद कपडे फिकट दिसतात, म्हणून रात्रीच्या चित्रणावरून कपड्यांचे वर्णन करणे जोखमीचे असते. पावसाळ्यात भिंगाजवळून जाणारे थेंब आणि किडे याच प्रकाशात चमकतात व रात्रभर निरर्थक सूचना येत राहतात.

हालचाल ओळखण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत लागोपाठच्या चित्रांतील बदल मोजला जातो. त्यामुळे झाडाची हलती सावलीही चोर ठरू शकते. दुसरीत शरीराच्या उष्णतेतील फरक टिपणारा संवेदक असतो. तो काचेपलीकडचे पाहू शकत नाही, म्हणून असा कॅमेरा खिडकीच्या आत ठेवल्यास बाहेरच्या हालचालीला बहुधा प्रतिसाद देत नाही. अलीकडच्या कॅमेऱ्यांत माणूस, प्राणी आणि वाहन वेगळे ओळखणारी संगणकीय प्रारूपे असतात.

चित्रण कॅमेऱ्यातील मेमरी कार्डवर, घरातील मुद्रण-यंत्रावर किंवा कंपनीच्या क्लाउडवर साठते. सेकंदाला दोन मेगाबिट या दराने अखंड चित्रण केल्यास एक कॅमेरा दिवसाला सुमारे २१.६ गिगाबाइट जागा घेतो. म्हणजे १२८ गिगाबाइटचे कार्ड सहा दिवसांच्या आतच भरते आणि नवे चित्रण जुन्यावर चढू लागते. सुट्टीवर गेलेल्या कुटुंबाला आठवड्याने परतल्यावर चोरी लक्षात आली, तर नेमके हवे ते चित्रण पुसले गेलेले असू शकते. क्लाउडमुळे ही अडचण टळते आणि चोराने कॅमेराच पळवला तरी चित्रण शिल्लक राहते. मात्र त्यासाठी बहुधा मासिक वर्गणी द्यावी लागते आणि घरातील दृश्ये दुसऱ्याच्या संगणकावर राहतात.

ओळख पटवण्याची मर्यादा

कॅमेऱ्यात दिसणे आणि ओळखू येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विक्रीच्या जाहिरातीत या दोहोंत सहसा फरक केला जात नाही. आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत हा फरक आकड्यांत मांडला आहे. चित्रातील एक मीटर रुंदीच्या जागेला किती चित्रबिंदू वाट्याला येतात, यावर तो ठरतो. कोणीतरी आहे एवढे कळण्यासाठी मीटरला २५ बिंदू पुरतात. ओळखीचा माणूस ओळखू येण्यासाठी १२५ लागतात. अपरिचित व्यक्तीची ओळख निःसंशय पटवण्यासाठी २५० हवेत.

घरगुती कॅमेऱ्याचे चित्र अनेकदा १९२० बिंदू रुंद असते. २५० च्या कसोटीने त्यात केवळ ७.६८ मीटर रुंदीचे दृश्य मावते. भिंगाचा आडवा कोन ९० अंश असेल, तर दृश्याची रुंदी अंतराच्या दुप्पट असते. त्यामुळे कॅमेऱ्यापासून चार मीटरच्या पलीकडे उभ्या असलेल्या अनोळखी माणसाची खात्रीशीर ओळख पटत नाही. ओळखीचा माणूस साडेसात मीटरपर्यंत ओळखू येईल आणि कोणीतरी फिरत आहे हे ३८ मीटरपर्यंत कळेल. भिंगाचा कोन जितका रुंद, तितकी ही अंतरे घटतात. ‘संपूर्ण अंगण एकाच कॅमेऱ्यात’ या आश्वासनाची ही किंमत असते आणि माहितीपत्रकात ती क्वचितच छापलेली आढळते. हा हिशेबही चांगल्या उजेडाचा आणि समोरून दिसणाऱ्या चेहऱ्याचा आहे. चोरीला जाऊ नये म्हणून कॅमेरा खूप उंच लावला, तर टोपी आणि डोकेच तेवढे दिसते.

या मर्यादेचा सामाजिक परिणाम चोरी न सापडण्यापेक्षा गंभीर ठरू शकतो. अस्पष्ट चित्रणातील आकृतीला पाहणारा आपल्या मनातील संशयिताचा चेहरा देतो. वस्तीतील व्हॉट्सॲप गटांवर फिरणाऱ्या चित्रफितींत माल पोहोचवणारा मुलगा, भंगार गोळा करणारी स्त्री किंवा वाट चुकलेला माणूस ‘टेहळणी करणारा’ ठरतो आणि खुलासा करण्याची संधी त्याला मिळत नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे चोर आल्याच्या अफवेतून तिघांची जमावाने हत्या केली. तेथे कॅमेऱ्याचा संबंध नव्हता. मात्र अनोळखी माणसाविषयीचा संशय किती वेगाने पसरतो हे त्या घटनेने दाखवले.

परिणामकारकता

सार्वजनिक ठिकाणच्या सीसीटीव्हीवरील चाळीस वर्षांच्या संशोधनाचा आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅमेरे असलेल्या भागांत गुन्ह्यांत सुमारे १३ टक्के घट आढळल्याचे त्यात नमूद आहे. सर्वाधिक परिणाम वाहनतळांवर दिसला. हे निष्कर्ष प्रामुख्याने सार्वजनिक, अनेकदा नियंत्रण कक्षातून पाहिल्या जाणाऱ्या यंत्रणांचे आहेत. एकट्या घराच्या कॅमेऱ्याला ते जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. लॉस एंजेलिसच्या एका भागात २०१५ मध्ये दारघंटा-कॅमेरे वाटल्यावर घरफोड्या ५५ टक्क्यांनी घटल्याचा दावा रिंगने केला होता. २०१८ मध्ये ‘एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू’ने त्याची छाननी केली तेव्हा त्यामागील पुरावा तकलादू असल्याचे दिसून आले.

कॅमेरा चोरी अडवत नाही, ती नोंदवतो. कडी-कोयंडा, सुरक्षा दार, जिन्यातील दिवा आणि शेजारी यांचे काम तो करू शकत नाही. तरीही त्याचा उपयोग नाकारता येत नाही. दाराबाहेर कोण आहे हे एकट्या राहणाऱ्या स्त्रीला दार न उघडता कळणे, वृद्ध आई-वडील पडल्यास दूरच्या मुलांना समजणे, किंवा पोलिसांना तपासाची वेळ निश्चित करता येणे हे फायदे प्रत्यक्ष आहेत. यातील पहिला फायदा ब्राउन यांच्या एकस्वात होता तोच आहे.

न्यायालयीन पुरावा म्हणून स्थान

चित्रण आहे म्हणजे पुरावा आहे, हा समज अपुरा आहे. यासंबंधीचा भारतातील महत्त्वाचा निर्णय महाराष्ट्रातील खटल्यातून आला. जालना विधानसभा मतदारसंघातील २०१४ च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीत दाखल झाला होता काय, हा वाद होता आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील कॅमेऱ्यांचे चित्रण त्यात निर्णायक होते. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास किसनराव गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी निकाल दिला. मूळ यंत्राऐवजी चित्रणाची प्रत सादर करायची असेल, तर भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ६५ब खालील प्रमाणपत्र अनिवार्य आहे, असे त्यात ठरले. यंत्राचा मालक स्वतः साक्षीला उभा राहून मूळ यंत्रच हजर करत असेल, तर प्रमाणपत्राची गरज नसते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात हीच तरतूद कलम ६३ मध्ये आहे. तिच्या अनुसूचीतील प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. पहिला भाग पुरावा सादर करणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो, आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य नोंदवावे लागते. फाइलमधील एक बिंदू जरी बदलला तरी हे मूल्य बदलते. त्यामुळे मोबाइलवरून मोबाइलवर पाठवताना आकुंचित झालेली चित्रफीत मूळ फाइलशी जुळत नाही. यंत्रातील घड्याळ मागे-पुढे असणे ही सामान्य उणीवही उलटतपासणीत महागात पडू शकते.

घराच्या आतील पाळत

घरात कॅमेरा लावण्याचा निर्णय सहसा एकच व्यक्ती घेते. त्याखाली दिवस काढणाऱ्या इतरांना मात्र क्वचितच विचारले जाते. वर सांगितलेल्या मतभिन्नतेचा हा सर्वांत नाजूक भाग आहे. परगावी वा परदेशी असलेली मुले आई-वडिलांच्या काळजीपोटी दिवाणखान्यात कॅमेरा बसवतात. आई-वडिलांना त्याचा आधार वाटतो, तसेच आपल्याच घरात कपडे सैल करून बसण्याची किंवा सुनेविषयी दोन शब्द बोलण्याची मोकळीक गेल्याचेही जाणवते. पती-पत्नीत दुरावा असेल, तर तेच यंत्र पाळतीचे साधन होते.

घरकाम करणाऱ्या स्त्रियांची स्थिती याहून अवघड आहे. घरमालकाच्या बाजूने सांगितले जाते की घर आणि तान्हे मूल अनोळखी व्यक्तीच्या हाती सोपवताना किमान खात्री हवी. कामगारांच्या बाजूने म्हटले जाते की जेथे त्या क्षणभर टेकतात, डबा खातात किंवा पदर सारखा करतात, त्या जागेचेही चित्रण होते आणि ते कोण, किती दिवस पाहते हे त्यांना कळत नाही. चोरीचा खोटा आळ आल्यास हेच चित्रण कामगाराला निर्दोष ठरवू शकते, हेही खरे. मात्र ते दाखवायचे की नाही हे मालकाच्या हाती असते. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा २००८ चा अधिनियम आहे. त्याचा भर नोंदणी व कल्याणकारी लाभांवर आहे.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी न्या. के. एस. पुट्टस्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने घोषित केले. एकाच घरात राहणाऱ्या भावांच्या वादात, सहनिवासीच्या संमतीविना घराच्या राहत्या भागात कॅमेरे चालवणे हा खासगीपणाचा भंग आहे, असे कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये म्हटले आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. स्नानगृह किंवा कपडे बदलण्याच्या जागी छुपा कॅमेरा लावणे हा मात्र मताचा प्रश्न नसून गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६ई आणि भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ त्याला लागू होतात.

शेजार आणि रस्ता

स्वतःच्या दारावरील कॅमेऱ्यात समोरच्याचे दार येणे सदनिकांमध्ये जवळपास अटळ असते. युरोपीय संघाच्या न्यायालयाने ११ डिसेंबर २०१४ रोजी चेक प्रजासत्ताकातील एका प्रकरणात निर्णय दिला की घराच्या रक्षणासाठी लावलेला कॅमेरा सार्वजनिक रस्ताही टिपत असेल, तर ते निव्वळ घरगुती कृत्य राहत नाही व विदा संरक्षणाचे नियम लागू होतात. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या कौंटी न्यायालयाने २०२१ मध्ये शेजाऱ्याच्या कॅमेऱ्यांविरुद्धची तक्रार मान्य केली. चित्रापेक्षाही दूरवरचे संभाषण टिपणाऱ्या ध्वनिमुद्रणावर तेथे विशेष आक्षेप घेतला गेला. भारताच्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मधून व्यक्तीने खासगी वा घरगुती प्रयोजनासाठी केलेली विदाप्रक्रिया वगळलेली आहे. घरगुती प्रयोजन कोठे संपते हे अधिनियमाच्या व्याख्यांत सांगितलेले नाही. व्यवहारात असे वाद गृहनिर्माण संस्थेच्या बैठकीत मिटवले जातात, किंवा चिघळवले जातात.

सुरक्षेतील त्रुटी व नियमन

२०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक आज्ञावलीने असंख्य कॅमेरे व मुद्रण-यंत्रे ताब्यात घेतली. त्यासाठी तिला कोणतेही गुंतागुंतीचे तंत्र लागले नाही. कारखान्यातून येणाऱ्या आणि कोणीही न बदललेल्या साठेक पासवर्डांची यादी पुरली. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी या यंत्रांच्या फौजेने डिन या कंपनीवर केलेल्या हल्ल्यामुळे ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारखी संकेतस्थळे अमेरिकेच्या मोठ्या भागात काही तास बंद पडली. ज्यांच्या घरातील कॅमेरे त्यात वापरले गेले, त्यांना बहुधा त्याचा पत्ताही नव्हता.

धोका बाहेरूनच येतो असे नाही. रिंगच्या एका कर्मचाऱ्याने २०१७ मध्ये महिला ग्राहकांच्या खासगी जागांतील हजारो चित्रफिती पाहिल्याचा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने केला. ३१ मे २०२३ रोजी जाहीर झालेल्या तडजोडीनुसार कंपनीने ५८ लाख डॉलर देण्याचे मान्य केले. कायदाभंगाचा आरोप मात्र फेटाळला. फेब्रुवारी २०२४ मध्ये वाइझ कंपनीच्या सुमारे १३ हजार ग्राहकांना तांत्रिक बिघाडामुळे दुसऱ्यांच्या घरांतील चित्रे दिसली.

भारत सरकारने एप्रिल २०२४ मध्ये सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेच्या आवश्यक अटी अधिसूचित केल्या व एप्रिल २०२५ पासून त्यांची अंमलबजावणी सुरू झाली. छेडछाडीस अटकाव करणारे कवच, प्रवेश-नियंत्रण, कूटबद्धीकरण आणि घुसखोरी-चाचणी यांची तपासणी त्यानुसार होते. या अटी उत्पादन व विक्रीला लागू आहेत, त्यामुळे आधीच भिंतींवर असलेले कॅमेरे त्यांच्या कक्षेबाहेर राहतात.

कॅमेरा विकताना किंवा घर सोडताना मेमरी कार्ड काढून घेणे पुरेसे नसते. कंपनीकडील खात्यातूनही तो वगळावा लागतो. २०१९ मध्ये नेस्टच्या काही कॅमेऱ्यांबाबत असे आढळले की दुसऱ्या कंपनीच्या गृहनियंत्रण सेवेशी पूर्वी जोडणी केलेली असल्यास, यंत्र विकून मूळ स्थितीत आणल्यानंतरही जुन्या मालकाला नव्या मालकाच्या घरातील चित्रे दिसत होती. हा दोष नंतर दूर करण्यात आला.